नवख्यांच्या हातातला भाला

मी एक जुना भाला आहे. दचकू नका, मित्रांनो! माझ्या टोकाने साधा फुगासुद्धा फुटत नाही. माझे अंग म्हणजे भिंतीतून विजेच्या तारा नेतात ती प्लास्टिकची नळी. माझे पाते म्हणजे बसच्या फाटक्या सीटमधला स्पंज, त्यावर तपकिरी टेप, आणि गळ्यात दोऱ्यांचा गोंडा. तरीही मी भालाच आहे. मला कोणी काठी म्हटले की माझे डोके फिरते, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म आदिलाबादला झाला, आठ वर्षांपूर्वी. वीज खात्यात नोकरीला असलेल्या व्यंकटेशने मला एका रविवारी सकाळी कापले, घासले आणि चिकटवले. त्याची बायको सुभद्रा शाळेत शिकवते. तिने माझा लाल गोंडा बांधला. मला दारामागे उभे करून दोघेही दोन पावले मागे सरकली आणि माझ्याकडे बघत राहिली. "एकदम खरा वाटून राह्यला," सुभद्रा म्हणाली. तेव्हापासून मला थोडा गर्व आहे. थोडा म्हणजे बराच आहे.

मला बनवले ते एका खेळासाठी. हा खेळ नाटकासारखा असतो, पण त्यात रंगमंच नसतो, प्रेक्षक नसतात आणि संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. प्रत्येक जण एक सोंग घेतो. कोणी राजा, कोणी सेनापती, कोणी हेर. मग दिवसभर त्याने त्या सोंगातच बोलायचे, त्याच माणसासारखे वागायचे आणि पुढे काय घडणार ते सगळ्यांनी मिळून खेळता खेळता ठरवायचे. मोठी माणसेसुद्धा हा खेळ खेळतात बरे का! आमच्या मंडळात नोकरीवाले होते, दुकानदार होते, कॉलेजातली मुले होती. सगळे जण तलमडुगु गावी धोंडीबा नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात जमायचे. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेत मोकळे होते, पळस फुललेला असतो आणि पराटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, मोठमोठे ढीग जागोजागी रचलेले असतात. लपायला त्यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार?

खेळात दोन राज्ये होती, सागवान आणि पळस. व्यंकटेश सागवानचा राजा होता. औषधांचे दुकान चालवणारा जयदीप पळसचा सेनापती होता. सागवानच्या मालकीची एक पितळी घंटा पळसवाले पळवून नेत आणि आपल्या हद्दीत लपवत. साडेचारच्या आत ती परत आणून सागवानच्या फाटकावर वाजवली की सागवान जिंकले. आता गंमत अशी की घंटा उचलली की वाजणारच. पहिल्या सहा वर्षांत तिला हात लावणारा प्रत्येक वीर चार पावलांत पकडला गेला होता.

नियम दोनच होते. तलवार किंवा भाला ज्या अवयवाला लागेल तो अवयव निकामी झाला, असे समजायचे. आणि डोक्यावर हात ठेवला की तो माणूस खेळाबाहेर. पाणी प्यायला जायचे असेल, फोन घ्यायचा असेल, तर डोक्यावर हात ठेवून खुशाल कुठूनही जावे. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचे नाही, त्याच्याशी बोलायचे नाही. तो तिथे नाहीच, असे वागायचे. हा दुसरा नियम नीट लक्षात ठेवा, कारण त्यानेच पुढे सगळा गोंधळ केला.

मित्रांनो, मला वाटले होते की मी लढाया मारणार. पण पहिल्याच वर्षी एक प्रसंग घडला. चंपत नावाचा एक नवा खेळाडू आला होता. राजाच्या गुप्त बैठकीत सगळे गंभीर चेहरे करून बसले होते, आणि तेवढ्यात चंपतचा फोन वाजला. त्याने तो उचलला आणि मोठ्याने म्हणाला, "हो आई, येताना दळण आणतो." झाले! सगळे इतके हसले, इतके हसले की बिचाऱ्या चंपतचे कान लाल झाले. तो पुन्हा कधी आला नाही. व्यंकटेशला फार वाईट वाटले. त्याने मनापासून विचार केला आणि एक रीत पाडली. नव्या माणसाने पहिल्या खेळाला फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहायचे. बोलायचे नाही. नुसते बघायचे, शिकायचे. म्हणजे चूक होणार नाही आणि कोणी हसणार नाही. आणि पहारेकऱ्याच्या हातात शस्त्र म्हणून कोण? मी!

मी तर फुलून गेलो होतो. प्रत्येक नव्या माणसाचा पहिला सोबती मी होणार होतो. पण हळूहळू मला कळू लागले की त्या फाटकावरून काहीच दिसत नाही. फाटक शेताच्या एका टोकाला आणि खेळ पराटीच्या ढिगांपलीकडे. आतून आरोळ्या ऐकू यायच्या, हसण्याचे आवाज यायचे, आणि आम्ही दोघे, म्हणजे नवखा आणि मी, उन्हात उभे. जेवायच्या वेळी सगळे गोल करून बसायचे. "त्या वर्षी हेरंब विहिरीपाशी कसा पडला, आठवते का?" असे कोणी म्हणायचे आणि सगळे खो खो हसायचे. नवखाही हसायचा, पण जरा उशिरा, कारण हेरंब कोण हेच त्याला माहीत नसायचे. संध्याकाळी सगळे त्याला म्हणायचे, "मजा आली ना? पुढच्या वेळी नक्की ये." तो म्हणायचा, "हो, येतो की." आणि यायचा नाही.

त्या पहिल्या सहा वर्षांत एकोणतीस जणांनी मला धरले. भैंशा गावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, काम करणारा चंदन नावाचा एक जण आला होता. त्याचा आवाज असा दणदणीत की त्याने एकदा हाक मारली असती तर पळसचे सैन्य पळून गेले असते. त्यालाही आम्ही गप्प उभे केले. त्या एकोणतीस जणांपैकी एकही परत आला नाही. मंडळात मात्र कोणी बदली होऊन हैदराबादला गेले, कोणाचे लग्न झाले, कोणाला वेळ मिळेना. बावीस होते ते नऊच उरले. माझीही आबाळ झाली. टेप सुटली, स्पंज एका बाजूने बाहेर आला आणि खेळ नसेल तेव्हा मला पलंगाखाली ढकलू लागले. तिथे एक फुटकी बादली माझी शेजारीण होती. तिच्याशी माझे कधी पटले नाही.

एकदा पलंगाखालूनच मी व्यंकटेशचे बोलणे ऐकले. तो सुभद्राला म्हणाला, "नऊ जणांत दोन राज्यं होत नाहीत. या फाल्गुनात एक तरी नवा माणूस आला अन् टिकला, तर ठीक. नाही तर हा शेवटचा खेळ."  मी आतून पार हादरलो. खेळच बंद झाला तर या भाल्याचे पुढे काय होणार, हे सांगायची गरज नाही. कपडे वाळत घालायला मी चांगला उपयोगी पडलो असतो.

आणि मग रंजीता आली!

रंजीता तामसी गावची. ती आणि तिची आई तुळजाबाई भाजी पिकवतात आणि आदिलाबादच्या बाजारात आणून विकतात. सुभद्रा नेहमी तिच्याकडूनच भाजी घ्यायची. बोलता बोलता तिने एकदा खेळाचा विषय काढला, तर रंजीताने वांगी तोलायची थांबवून विचारले, "म्या बी येऊ का?" अशी ती दोन बसगाड्या बदलून तलमडुगुच्या थांब्यावर उतरली, डोक्यावर टोपली घेऊन. टोपलीत दहा जणांना पुरतील अशा ज्वारीच्या भाकरी होत्या आणि वर वांगी होती. लोकांकडे रिकाम्या हाताने कसे जायचे, असे तिला वाटले असणार.

"आली का! छान, छान," व्यंकटेश म्हणाला. त्याला खरेच आनंद झाला होता, पण त्याला मुकुट सापडत नव्हता आणि खेळ सुरू व्हायला उशीर होत होता. त्याने मला तिच्या हातात दिले. "तू आमच्या सागवानची पहारेकरी. इथं फाटकावर थांबायचं, बोलायचं नाही. आपली घंटा त्यांनी नेली आहे, ती या फाटकावर वाजली की आपण जिंकलो." एवढे सांगून तो मुकुट शोधायला गेला. मी मनात म्हटले, अरे नियम सांग! नाव विचार! पण भाल्याचे कोण ऐकतो?

आता मी तुम्हाला एक गुपित सांगतो. ते फक्त मलाच ठाऊक होते. रंजीताने आठ दिवस विचार करून स्वतःचे सोंग ठरवून आणले होते. कोणीच विचारले नाही म्हणून ते तिने मला सांगितले. फाटकावर कोणी नव्हते. तिने ओढणी कमरेला खोचली, मान ताठ केली आणि हळूच म्हणाली, "मी झिपरी वैदीण हाय. सात जंगलं ओलांडून आली. माह्याजवळ सगळ्या दुखण्याचं औषध हाय." मग इकडे तिकडे बघून ती स्वतःशीच हसली आणि पुन्हा एकदा म्हणून पाहिली. दुसऱ्या वेळी आवाज आणखी छान लागला. मित्रांनो, माझ्या नळीतून झिणझिण्या गेल्या!

एक तास गेला. दोन गेले. आतून आरोळ्या येत होत्या. ती टाचा उंच करून बघत होती आणि तिला पराटीशिवाय काही दिसत नव्हते. शेवटी ती म्हणाली, "भाकरी वाळून जातीन बाप्पा. नेऊन तरी देतो." तिने टोपली डोक्यावर घेतली, एका हाताने ती धरली, दुसऱ्या हातात मला घेतले आणि निघाली.

आले ना लक्षात? टोपली धरायला तिचा हात डोक्यावर होता!

सगळ्यात आधी हेरंब भेटला. तो पळसचा सैनिक होता. "दादा, भाकर खाता का?" रंजीताने विचारले. हेरंबने तिच्या डोक्याकडे पाहिले, नियम आठवला आणि मान फिरवून आभाळ बघू लागला. पुढे पळसच्या दोन मुली भेटल्या. त्याही तिच्या अंगावरून सरळ निघून गेल्या. त्या नियम पाळत होत्या, त्यांचा काय दोष? पण रंजीताला तो नियम कोणी सांगितला होता? मी सारखा ओरडत होतो, हात खाली घे, अगं हात खाली घे! मला तोंड नाही याचे दुःख त्या दिवशी झाले तेवढे कधी झाले नव्हते. तिची मूठ माझ्याभोवती घट्ट होत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "इतके का मोठे लोक हायत हे? वांगे घेताना तर बोलतात," ती पुटपुटली.

तेवढ्यात मोहाच्या झाडाखाली जयदीप आणि हेरंब समोरासमोर आले. रंजीता दहा पावलांवर उभी होती, पण तिचा हात डोक्यावर, म्हणजे त्यांच्या लेखी ती नव्हतीच. जयदीप मोठ्याने म्हणाला, "घंटा तिसऱ्या ढिगाच्या पोटात आहे. इथं कोणी येत नाही. चल, विहिरीकडून वेढा घालू." आणि दोघे निघून गेले.

रंजीताने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर काय उजळले म्हणून सांगू! तिने टोपली खाली ठेवली आणि तिसऱ्या पराटीच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. घंटा हाताला लागली आणि लगेच टण्ण वाजली.  पण रंजीता काही आदिलाबादच्या कचेरीतली नव्हती, शेतातली होती. तिने पराटीला राहिलेला चिकट कापूस ओरबाडला आणि घंटेच्या तोंडात गच्च कोंबला. घंटा मुकी झाली! सहा वर्षांत एकाही वीराला हे सुचले नव्हते, आणि सगळे उभे होते कापसाच्याच रानात. घंटा वांग्यांखाली गेली, टोपली डोक्यावर गेली, हात टोपलीवर गेला आणि आम्ही परत निघालो.

पळसची माणसे आमच्या शेजारून जात होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. मला हसू आवरत नव्हते. आता फक्त शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधालगतचा, कोरडा नाला ओलांडायचा होता. नाल्यात उतरताना रंजीताने मला दोन्ही हातांनी धरले, टेकू म्हणून. टोपली तिच्या डोक्यावर न धरताही मजेत राहते, सवयच आहे तिला. पण हात डोक्यावरून खाली आला.

"पहारेकरी!" हेरंब किंचाळला. "सागवानचा पहारेकरी आपल्या हद्दीत!"

सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी तिला पाहिले होते. घाबरायचे सोडून ती हसली. टोपली तिने कमरेवर घेतली आणि मला फिरवले. ज्वारीवरची पाखरे हाकलताना फिरवतात ना, तसे! "हुर्र्र! हुर्र्र!" मी हवेत घुमलो, मित्रांनो! माझा गोंडा भिरभिरला! सहा वर्षांत माझी पहिली लढाई! मी हेरंबच्या गुडघ्याला लागलो आणि तो नियमाप्रमाणे एका पायावर लंगडू लागला. तेवढ्यात जयदीप आला आणि त्याची तलवार तिच्या डाव्या दंडाला लागली.

"हात गेला तुझा!" तो ओरडला.

"कुठं गेला? हा काय हाय ना!" ती तोच हात हलवून म्हणाली आणि पळत सुटली. जयदीप आ वासून बघत राहिला. ती धावत होती, टोपलीतून वांगी उडत होती, भाकरी सांडत होत्या आणि घंटेतला कापूस निसटला. टण्ण! टण्ण! टण्ण! सगळे रान दणाणले. पळसचे सैन्य मागे, आम्ही पुढे. सागवानवाले पराटीतून बाहेर येऊन ओरडत होते, "धाव! धाव!" आम्ही फाटकावर पोचलो आणि तिने टोपली खाली ठेवली, मला काखेत धरले आणि घंटा दोन्ही हातांनी अशी वाजवली की रस्त्यावरचे बैलसुद्धा थांबले. व्यंकटेश राजेपण विसरून उड्या मारू लागला. तेव्हा मला वाटले, झाले! हिला आता कोण सोडतो!

पण जयदीप धापा टाकत आला आणि म्हणाला, "हे चालणार नाही. ही डोक्यावर हात ठेवून आमच्यात फिरली. आमचं बोलणं ऐकलं अन् मग घंटा उचलली. हात लागला तोही मानला नाही. हे कपट आहे."

उड्या थांबल्या. रंजीता एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. "डोक्यावर हात ठेवला तं काय होते?" तिने विचारले.

 व्यंकटेशने सुभद्राकडे पाहिले. "तू सांगितलं नव्हतं?"

"मले वाटलं, तुमी सांगितलं," सुभद्रा म्हणाली.

"आपण नव्या माणसाला सांगतच नाही," हेरंब हळूच म्हणाला. "फाटकावरच तर उभं करतो. सांगून काय करायचं, असं वाटते."

रंजीताने मला फाटकाला टेकवून ठेवले. खाली वाकून ती वांगी गोळा करू लागली. "चुकलं माहं," ती म्हणाली. "मले नाही समजलं तुमचं. येतो मी, बसची येळ झाली."  ती टोपली घेऊन रस्त्याकडे चालू लागली आणि सगळे नुसते उभे राहिले. मी तिथून बघत होतो. तिसावी जात होती.

शेताचे मालक धोंडीबा बांधावर बसून सगळे बघत होते. दरवर्षी ते असेच बघत बसतात आणि कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "सहा वर्ष झाले, पाहून राह्यलो मी. तुमी पाहुण्याले फाटकावर उभा करता अन् सोता घरात जेवाले बसता. मंग पाहुणा थांबत काऊन नाही, असं म्हन्ता. काऊन थांबीन जी तो?"

 व्यंकटेशने मला उचलले आणि तो धावत सुटला. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, अंगावर सुभद्राच्या जुन्या साडीचा शेला, आणि राजा डांबरी रस्त्यावरून पळतो आहे! त्याच्या मागे सुभद्रा. तिच्या मागे तलवारीसकट जयदीप, आणि त्याच्या मागे सगळे. बस आली होती. रंजीताचा एक पाय पायरीवर होता. बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली.

"थांब!" व्यंकटेश ओरडला. दिवसभर आरोळ्या ठोकून त्याचा आवाज पार बसला होता. मला वाटले, तो माफी मागेल. त्याने मागितली नाही. त्याने त्याहून चांगले काही केले. बसच्या दारात धापा टाकत त्याने विचारले, "तू कोण आहेस?"

"रंजीता," ती गोंधळून म्हणाली. "तामसीची."

"ते माहीत आहे. या राज्यात तू कोण आहेस? सकाळीच विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही."

 कंडक्टर आतून तेलुगूत ओरडला, "एक्कम्मा, लेट अवुतुंदि!" लवकर चढ, उशीर होतो आहे, म्हणून. मी व्यंकटेशच्या हातातून मनातल्या मनात ओरडत होतो. सांग ना गं, सांग! मी दोनदा ऐकले आहे, यांनाही ऐकू दे!

तिने पायरीवरचा पाय खाली घेतला. टोपली खाली ठेवली. ओढणी कमरेला खोचली.

"मी झिपरी वैदीण हाय," ती म्हणाली, आणि सगळ्या बसला ऐकू गेले. "सात जंगलं ओलांडून आली. माह्याजवळ सगळ्या दुखण्याचं औषध हाय. अन् राजे, तुमचा गळा बसला हाय. त्याचं पहिलं औषध असं का, जरा कमी बोला अन् दुसऱ्याचं ऐका."

बसमध्ये हशा पिकला. व्यंकटेशने मुकुट काढला आणि तिथेच डांबरावर एक गुडघा टेकला. "वैदीणबाई, औषध घेतलं," तो बसक्या आवाजात म्हणाला. मग जयदीप पुढे आला. "मी पळसचा सेनापती," तो म्हणाला. "माझ्या सैन्यातल्या एकालाही घंटा मुकी करता आली नाही. जिंकली तू. अन् कपट म्हटलं ते मी परत घेतो." कंडक्टर शिटी तोंडात धरून वाजवायची विसरला होता.

ती त्याच बसने गेली, कारण पुढे तामसीची बस चुकली असती. पण जाताना खिडकीतून ओरडली, "पुढच्या खेळाले येतो! अन् ते दोन नियम लिहून ठेवजा!"

नियम कोणी लिहून ठेवील म्हणून ती थांबलीच नाही. पुढच्या खेळाला तीच सकाळी सगळ्यांना ते सांगायला उभी राहिली. नव्या माणसाला काय माहीत नसते, हे जुन्यांना आठवत नाही. तिला आठवत होते. फाटकावर नवख्याने उभे राहायची रीत मोडली. आता तिथे सगळ्यात जुना खेळाडू मला घेऊन उभा राहतो. आलेल्या माणसाला सोबत घेऊन आत जातो, आणि दिवसभर त्याच्याबरोबर राहतो. जेवताना जुन्या गोष्टी निघाल्या की हेरंब स्वतः उठून, विहिरीपाशी आपण कसे पडलो, ते नवख्याला करून दाखवतो. त्या बसमधले दोन जण पुढच्या खेळाला आले, आणि त्याच्याही पुढच्या खेळाला आले. मला नवी टेप मिळाली. सुभद्राने नवा गोंडा बांधला, या वेळी पिवळा.

आणि रंजीताने नियम सांगितले त्याच खेळाला तिच्याबरोबर एक नवीन पाहुणी आली होती. तिची आई, तुळजाबाई. ती आली होती लेक कुठे जाते ते बघायला. ती फाटकापाशीच थांबली आणि पदर सावरून म्हणाली, "मी इथंच बसतो बाप्पा. मले काय येते?" व्यंकटेशने मला बाजूला टेकवले आणि विचारले, "मावशी, या राज्यात तुमी कोण?"

"मी कोन? मी भाजीवाली," ती म्हणाली.

कोणी हसले नाही आणि कोणी घाईही केली नाही. व्यंकटेश उभा होता, जयदीप उभा होता, रंजीता ओठ दाबून उभी होती. खेळ सुरू व्हायची वेळ टळून गेली. तुळजाबाईने एकदा शेताकडे पाहिले, एकदा लेकीकडे पाहिले. तिने हळूहळू पदर डोक्यावर घेतला, पाठ सरळ केली, आणि तिच्या चेहऱ्यावरची लाज कुठल्या कुठे गेली.

"मी सातव्या जंगलाची राणी हाय," ती म्हणाली. "अन् आज मी कोनाले वांगे तोलून देनार नाही."

मित्रांनो, तुमच्याही खेळात, वर्गात, गल्लीत कोणी ना कोणी नवीन येईलच. त्याला आत घ्या, नियम सांगा, आणि तू कोण आहेस, असे विचारा. विचारून झाले की उत्तर येईपर्यंत थांबा. तुळजाबाईला सुचायला पाच मिनिटे लागली होती, आणि आम्ही बारा माणसे अन् एक भाला तिच्यासाठी थांबलो होतो.